मातीसची ‘जॅझ’ आणि पोश्वार छापे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराच्या ‘जॅझ’ या चित्रपुस्तकातली चित्रं घेणाऱ्यांचे, किंवा घेऊन बसलेल्यांचे, तेच ते प्रश्न येत राहतात. बहुतेक पत्रांसोबत मोबाइलवर काढलेला फोटो असतो आणि खाली एकच ओळ: “ओरिजिनल आहे का?” नुसत्या फोटोवरून ते सांगता येत नाही. काय बघायचं, हे मात्र सांगता येतं. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पोश्वार म्हणजे नक्की काय?

छाप्याने (स्टेन्सिलने) रंगवलेलं चित्र. रांगोळीचे छापे किंवा धान्याच्या पोत्यांवर मार्का मारायचा कापलेला पत्रा तुम्ही पाहिला असेल. तत्त्व तेच. मूळ चित्रातले रंग वेगळे काढायचे, प्रत्येक रंगासाठी जस्ताचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा कापायचा, तो कागदावर बसवायचा आणि गोल, सपाट तोंडाच्या ब्रशने रंग भरायचा. दहा रंग असतील तर कागद निदान दहा वेळा हाताखालून जाणार. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पॅरिसमध्ये या कामाची खास कारखानेवजा दालनं होती. त्यांतल्या झां सोदे या कारागिराने १९२५ साली या तंत्रावर सविस्तर ग्रंथच काढला. फॅशनची मासिकं, फुलपाखरांचे संग्रह, भिंतीच्या कागदांचे नमुने, अशा कितीतरी गोष्टी या पद्धतीने रंगल्या. पुढे ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई, स्वस्त झालं आणि इतकी मजुरी कुणाला परवडेना.

२. ‘जॅझ’ हे पुस्तक आहे की चित्रांचा संच?

दोन्ही. प्रकाशक तेरियाद हा लेस्बॉस बेटावरून पॅरिसला आलेला ग्रीक माणूस. त्याने सप्टेंबर १९४७ मध्ये हे काम बाजारात आणलं. त्यात वीस रंगीत चित्रं आहेत, आणि त्यांच्या मधेमधे मातीसने स्वतःच्या मोठ्या, वळणदार अक्षरात ब्रशने लिहिलेला मजकूर. हा मजकूर चित्रांचं स्पष्टीकरण करत नाही. रंगांना नुसती साथ म्हणून तो आहे, असं मातीसने त्यातच लिहून ठेवलंय. मजकुरासह पुस्तक आणि मजकुराशिवाय नुसत्या चित्रांचा अल्बम अशी दोन रूपं निघाली. हा फरक पुढे किमतीच्या वेळी कळीचा ठरतो (प्रश्न ७).

३. नाव ‘जॅझ’, मग आत सर्कस कशी?

कारण मुळात नाव ‘सर्कस’च ठरलं होतं. विदूषक, रिंगमास्टर मस्य लोयाल, पांढऱ्या हत्तीचं दुःस्वप्न, तलवारी गिळणारा, सुऱ्या फेकणारा, झुल्यावरचे कोदोमा (म्हणजे कोदोना हे गाजलेलं ट्रॅपीझ कुटुंब) अशी चित्रं आधी जमली. मग त्यात ताहितीच्या १९३० मधल्या प्रवासाची आठवण शिरली. ‘लागों’ नावाची तीन चित्रं तिथल्या पाण्याची आहेत. लांडग्याचं चित्र बघताना एक लक्षात ठेवा: हे सगळं महायुद्धात, १९४३–४४ च्या सुमारास, दक्षिण फ्रान्समधल्या व्हान्स गावी तयार होत होतं. १९४४ च्या एप्रिलमध्ये मातीसची बायको आमेली आणि मुलगी मार्गरीत यांना गेस्टापोने पकडलं. रंग आनंदी दिसतात म्हणून चित्रंही आनंदीच असतील, असं धरून चालू नका.

४. मातीसने कुंचला सोडून कात्री का घेतली?

१९४१ मध्ये लिआँला कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर बराच काळ तो अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत होता. सहायक मुली कागदांवर अपारदर्शक गुआश रंगाचे सपाट हात मारून ठेवत, आणि तो त्या रंगीत कागदातून थेट आकार कापत असे. आधी रेखाटायचं आणि मग कापायचं, असं नव्हतं. कात्रीच रेघ काढत होती. ‘जॅझ’ची मूळ कात्रणचित्रं आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात आहेत.

५. म्हणजे छापील चित्रांवर मातीसचा हात लागलेलाच नाही? मग ती नक्कलच की!

या प्रश्नावर मित्रामित्रांत भांडणं झालेली पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर.

छाप्यांवर रंग मातीसने लावला नाही, हे खरं. ते काम एदमों व्हेरेलच्या दालनाने केलं. पत्रे कापले त्यांनीच, ब्रश फिरवले त्यांनीच. पण रंग लिनेल कंपनीचेच होते, म्हणजे मातीसच्या कात्रणांवर जे होते तेच. त्यामुळे कागदावर जो लाल दिसतो तो शाईतून लालचा भास घडवलेला नाही. गुआशचा तो लाल थर आहे, आणि ऑफसेटपासून पोश्वार इथेच वेगळं पडतं.

मातीस स्वतः मात्र निकालावर खूश नव्हता. पुस्तक निघाल्यावर आंद्रे रुव्हेर या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने नाराजी कळवली. कात्रणांची जी संवेदना होती ती छाप्यात उतरली नाही, असं त्याचं म्हणणं. कडा एकमेकींवर चढलेल्या, कागद किंचित उचललेला, खाली पुसट सावली, हे सगळं छाप्यात सपाट होतं. तो चूक होता असं मला म्हणवत नाही. पण त्याचा निकाल मान्य करूनही हा छापा मोलाचा वाटू शकतो, कारण तुम्ही मातीसची कात्री विकत घेतच नाही. तुम्ही घेता १९४७ साली व्हेरेलच्या माणसांनी पानागणिक घातलेला रंग. ज्याला मातीसचा हात हवा त्याने त्याचे लिथोग्राफ किंवा एचिंग घ्यावेत. तिथे दगडावर, ताम्रपटावर तो स्वतः बसलेला आहे.

६. पोश्वार आहे हे भिंगातून कसं ओळखायचं?

दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग पुरतं. सोबत मोबाइलची टॉर्च घ्या.

आधी एका रंगाच्या मधोमध बघा. बारीक ठिपक्यांची नक्षी दिसली, म्हणजे निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारखे जमलेले, तर ते ऑफसेट. तिथेच थांबा, बाकीचं बघायची गरज नाही. पोश्वारमध्ये ठिपके नसतात. रंग सलग, अपारदर्शक आणि खडूसारखा कोरडा दिसतो. कागदाच्या खळग्यांत मुरण्यापेक्षा तो वर बसलेला असतो.

मग कडा. टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा. पत्र्याच्या काठाला ब्रश अडतो तिथे रंगाचा अगदी बारीक उंचवटा साचतो. बोटाने जाणवेल इतका तो जाड नसतो (आणि कृपया बोट लावू नका), पण तिरप्या उजेडात रेघेसारखा दिसतो. मोठ्या सपाट भागात ब्रशचे गोल फिरलेले पट्टेही सापडतात.

शेवटी दोन रंग भेटतात ती जागा. यंत्राने छापलेल्या चित्रात ती जागा सगळीकडे सारखी असते. हाताने घातलेल्यात कुठे केसाएवढी पांढरी फट राहते, कुठे एक रंग दुसऱ्यावर चढतो. दोन वेगवेगळ्या प्रतींतलं एकच चित्र शेजारी ठेवलंत तर या फटी जागा बदलताना दिसतील. मला विचाराल तर सगळ्या पुराव्यांत हा सगळ्यात सुंदर. भिंग घेऊन या फटी शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे, आणि ती वाया गेली असं वाटत नाही.

७. माझ्या चित्राला मधोमध घडी आहे. कुणीतरी घडी घालून खराब केलं का?

नाही. पुस्तकाचं पान साधारण ४२ सेंटिमीटर उंच आणि ३२ ते ३३ रुंद. बहुतेक चित्रं जोडपानावर आहेत, म्हणून त्यांना मधली घडी जन्मापासूनच आहे. अल्बममधले तेच कागद साधारण ६५ सेंटिमीटर रुंद, सपाट, बिनघडीचे. म्हणून अल्बमचं पान पुस्तकाच्या पानापेक्षा महाग जातं. भिंतीवर लावणाऱ्याला घडी नको असते.

‘इकार’सारखं चित्र पुस्तकात एकाच पानावर बसतं, त्यामुळे तिथे घडीचा नियम लागू होत नाही. आणि अल्बमचं म्हणून दिलेल्या चित्राच्या मधोमध पुसट उभी रेघ दिसली तर सावध व्हा. ओल देऊन, दाबाखाली ठेवून पुस्तकाची घडी “घालवलेली” असू शकते. तिरप्या उजेडात, विशेषतः मागच्या बाजूने, ती दिसतेच.

८. एकूण किती प्रती छापल्या?

पुस्तकाच्या क्रमांक दिलेल्या २५० प्रती आणि विक्रीसाठी नसलेल्या आणखी २०. शिवाय अल्बम १००. म्हणजे प्रत्येक चित्राचे ३७० छापे. त्यांतले बरेच संग्रहालयांत आणि अखंड प्रतींत आहेत, म्हणून सुटी चित्रं बाजारात त्यापेक्षा खूपच कमी फिरतात. कुणी “मर्यादित आवृत्ती, ५००० पैकी १२३” असं लिहून ‘जॅझ’ विकत असेल तर तो दुसरंच काही विकतो आहे.

९. चित्राखाली पेन्सिलीने ‘एच. मातीस’ अशी सही आहे. मग खात्रीच ना?

उलट, शंका घ्या. ‘जॅझ’मध्ये सही असते ती प्रतींचा हिशेब छापलेल्या पानावर. वीस चित्रांखाली वीस सह्या अशी पद्धतच नव्हती. खऱ्या पोश्वारला कुणी नंतर खोटी सही जोडलेली असू शकते, आणि साध्या पोस्टरलाही. दोन्ही प्रकारांत सहीने किंमत वाढण्याऐवजी घटायला हवी. सही बघून खरेदी करणाऱ्यांना मी नेहमी एकच सांगतो: आधी सही अंगठ्याने झाका, मग चित्र बघा.

१०. विक्रेत्याने सर्टिफिकेट दिलंय. ते पुरेसं नाही का?

विक्रेत्याने स्वतःच्याच मालाला दिलेलं प्रशस्तिपत्र, त्याची किंमत तेवढीच. त्यापेक्षा तीन गोष्टी लेखी मागा: तंत्र कोणतं (“पोश्वार” हा शब्द स्पष्ट हवा, “प्रिंट” चालणार नाही), पुस्तकातलं की अल्बममधलं, आणि चित्र कुणाकडून आलं. मातीसच्या सचित्र पुस्तकांची क्लोद द्युतुईने १९८८ मध्ये केलेली अधिकृत सूची आहे, तिच्यात ‘जॅझ’चा क्रमांक २२. लिलावाच्या नोंदीत “द्युतुई २२” दिसलं तर विक्रेत्याने निदान पुस्तक उघडून बघितलंय इतकं कळतं. चित्र खरं आहे हे मात्र त्यावरून ठरत नाही.

११. “जॅझ, १९४७” असं छापलंय, तरी भिंगात ठिपके दिसतात. असं कसं?

कारण १९४७ हे मूळ पुस्तकाचं वर्ष, तुमच्या हातातल्या कागदाचं नव्हे. म्युनिकच्या पिपर प्रकाशनाने १९५७ मध्ये एक छोटी आवृत्ती काढली. न्यूयॉर्कच्या ब्रेझिलर प्रकाशनाने १९८३ मध्ये मूळच्या जवळ जाणारी प्रतिकृती काढली, आणि त्यानंतरही आणखी निघाल्या. वाचायला, चाळायला त्या उत्तम आहेत. घरी ‘जॅझ’ अखंड बघायची असेल तर अशीच प्रत घ्या, असं मी आवर्जून सांगतो. घोटाळा होतो तो त्यातली पानं सुटी करून, जाड माउंट लावून, फ्रेममध्ये बसवून विकल्यावर. मीही एकदा असाच फसलो आहे. फ्रेम उघडू देत नव्हते तेव्हाच कळायला हवं होतं. फ्रेम उघडून मागची बाजू दाखवायला तयार नसेल त्याच्याकडून काही घेऊ नका.

१२. माझ्याकडे मातीसची निळी नग्न स्त्री आहे. तीही ‘जॅझ’चीच ना?

नाही. निळ्या नग्न स्त्रिया १९५२ च्या, ‘जॅझ’ निघून पाच वर्षं झाल्यावरच्या. ज्या छापील पानांवर त्या जुन्या रूपात मिळतात ती बहुधा तेरियादच्याच ‘व्हर्व’ मासिकाच्या ३५–३६ या जोडअंकातली, १९५८ सालची. ते लिथोग्राफ आहेत, मुर्लोच्या छापखान्यात मातीसच्या कात्रणांवरून केलेले, आणि मातीस १९५४ मध्येच गेलेला. चांगले आहेत, पण पोश्वार नाहीत आणि त्यांची किंमतही पोश्वारसारखी नसावी.

असाच घोळ ‘ओशनी’ या दोन मोठ्या चित्रांबाबत होतो. ती लंडनच्या झिका आशरने १९४६ ते ४८ दरम्यान लिननच्या कापडावर स्क्रीन प्रिंटने केली, तीसतीस प्रतींत. तिथेही छाप्यासारखी जाळी असते, पण रंग ब्रशने न घालता रबराच्या पट्टीने ओढतात.

१३. मातीसचा कॉपीराइट संपला असं ऐकलं. त्याचा बाजारावर काय परिणाम?

भारतात लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणून इथे १ जानेवारी २०१५ पासून. युरोपात ७० वर्षं, म्हणून तिथे १ जानेवारी २०२५ पासून. त्यामुळे आता भारतात आणि युरोपात कोणीही कायदेशीरपणे ‘इकार’ छापून विकू शकतो, आणि विकतोही. नव्या छापील प्रती आणखी येत राहणार. खऱ्या जुन्या पोश्वारच्या किमतीला त्याने धक्का लागत नाही, पण शोधताना चाळणी जास्त बारीक लागते.

१४. सगळ्यात महाग कोणतं?

‘इकार’. निळ्या आकाशात काळी आकृती, छातीत लाल ठिपका, भोवती पिवळे तारे. ते सगळ्यांना हवं असतं. मला व्यक्तिशः ‘लागों’ तिन्ही जास्त आवडतात, आणि ते तुलनेने हाताशीही असतात. अखंड अल्बम मात्र लाखो डॉलरची गोष्ट आहे.

१५. इतके पैसे नाहीत. पोश्वारची आवड कशी भागवायची?

मातीस बाजूला ठेवा. १९१२ ते १९२५ या काळात निघालेल्या ‘गाझेत द्यु बों तों’ या पॅरिसच्या फॅशन मासिकातली सुटी पानं बघा. तीही पोश्वारच. झोर्झ बार्बिए, झोर्झ लपाप यांनी काढलेली. ई. ए. सेगीची फुलपाखरं आणि कीटकही पोश्वार. यांतली साधी पानं काही हजार रुपयांपासून मिळतात. त्यातलं एक घरी आणून भिंगाखाली ठेवा. एका महिन्यात डोळा तयार होतो. मग मातीसचं घ्यायचं की नाही ते ठरवा.

१६. पुस्तक फोडून सुटी चित्रं विकतात, ते योग्य आहे का?

कायद्याने कुणी अडवत नाही. मूळ प्रत शिवलेलीही नव्हती. सुटी पानं वेष्टनात ठेवून पेटीत घातलेली होती, त्यामुळे “फोडणं” सोपं जातं. तरी अखंड पुस्तक हाताशी असेल तर फोडू नका. मजकूर आणि चित्र यांची जी लय मातीसने बांधली ती सुट्या पानांत राहत नाही. आधीच फुटलेल्या प्रतीतलं पान घेण्यात मला गैर वाटत नाही.

१७. मुंबईच्या दमट हवेत सांभाळायचं कसं?

दमटपणाला घाबरा. गुआश पाण्यात विरघळणारा रंग आहे. काच थेट रंगाला टेकली आणि पावसाळ्यात आत बाष्प आलं, तर रंग काचेला चिकटतो. म्हणून मधे माउंटची जाडी हवीच. माउंट आम्लरहित कागदाचा, काच अतिनील किरण अडवणारी, जागा बाहेरच्या भिंतीवर किंवा बाथरूमच्या पाठीशी नको.

आणि फ्रेमवाल्याला दारातच सांगा: “चिकटवायचं नाही.” आपल्याकडे कागद गुळगुळीत दिसावा म्हणून हार्डबोर्डवर सरसकट चिकटवायची सवय आहे. एकदा चिकटलं की काढताना कागद मरतो. वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि खळ, इतकंच. कोकणात घर असेल तर बुरशी आणि कसर यांसाठी पावसाळ्यानंतर फ्रेम उघडून बघायची सवय लावून घ्या.

१८. गुलाबी रंग फिका वाटतो. घ्यावं का?

गुलाबी आणि जांभळे आधी उतरतात. माउंटच्या कडेखाली झाकलेला पट्टा बघा. तिथे रंग गडद आणि बाकीकडे फिका असेल तर चित्र वर्षानुवर्षं उन्हात टांगलेलं होतं. किंमत चांगली पाडून मिळत असेल तरच घ्या. रंग परत भरून देणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. भरलेला रंग भिंगाखाली, तिरप्या उजेडात (प्रश्न ६) सहसा उघडा पडतो.

१९. परदेशात घेतलं. भारतात आणताना कस्टममध्ये अडचण येते का?

येऊ शकते, आणि ती गमतीशीर आहे. कस्टमच्या दरपत्रकात मूळ छापचित्रांसाठी वेगळी जागा आहे, पण त्यांची व्याख्या अशी की ज्या प्लेटवरून छापलं ती कलावंताने स्वतःच्या हाताने केलेली असावी, आणि यांत्रिक किंवा छायायांत्रिक (फोटोवर आधारलेली) प्रक्रिया वापरलेली नसावी. पोश्वार यांत्रिक नाही. पण पत्रे व्हेरेलने कापलेले, मातीसने नव्हे. म्हणजे अधिकारी हट्टाला पेटला तर प्रश्न ५ मधलं सगळं भांडण कस्टमच्या टेबलावर पुन्हा होतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचं वेगळं कलम २०४७ पर्यंत उपयोगाचं नाही. म्हणून माल निघण्याआधीच कस्टम एजंटला वर्णन दाखवा आणि विक्रेत्याकडून पावतीवर तंत्र, वर्ष, प्रकाशक स्पष्ट लिहून घ्या. “पोस्टर” म्हणून किंमत कमी दाखवू नका. पुढे विकताना तीच पावती तुमच्या गळ्यात पडते.

२०. खरी ‘जॅझ’ प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांना कामाला लावा, पण आधी चौकशी करायला सांगा, कारण कागद सतत मांडून ठेवत नाहीत. लेस्बॉसवर तेरियादचं स्वतःचं संग्रहालय आहे. उत्तर फ्रान्समध्ये मातीसच्या जन्मगावी, ल कातो-काँब्रेझीला, तेरियादच्या पत्नीने दिलेला संग्रह आहे.

२१. ठिपके नाहीत, रंगाचा थर आहे, आर्श कागदाचं वॉटरमार्कही आहे. आता तरी पक्कं?

अजून एक अडचण. आर्श कागद आजही बनतो, त्यामुळे वॉटरमार्क कागदाची जात सांगतो, वय सांगत नाही. आणि चांगल्या स्क्रीन प्रिंटमध्येही ठिपके नसतात, थर जाड असतो. तिथे भिंगाखाली कड नीट बघा. जाळीमुळे ती सूक्ष्म पायऱ्यांसारखी दातेरी होते, थर सगळीकडे प्लास्टिकसारखा सारखा बसतो, आणि ब्रशचा पट्टा कुठेच सापडत नाही. रंगांच्या फटीही हलत नाहीत. एवढं बघूनही मन शंकेत राहिलं आणि चित्र कुणाकडून आलं त्याची साखळी विक्रेत्याला सांगता आली नाही, तर छान सजावटीच्या चित्राला जेवढे द्याल तेवढेच पैसे द्या, किंवा फ्रेम परत बंद करायला सांगून निघा.